जेटीवरच्या ‘शून्या’बद्दल मंत्रिमहोदयांना खुलं पत्र

मा. मंत्रिमहोदय,
सप्रेम नमस्कार.

गेल्या आठवड्यात आमच्या जेटीवर आपल्या हस्ते मासळी तपासणी यंत्राचं उद्घाटन झालं. नारळ फुटला, बोयी माशाच्या रसात पट्टी बुडाली, पाच मिनिटांत पडद्यावर शिसं शून्य, कॅडमियम शून्य. टाळ्या. साहेब, असं विचारलं तर ती पट्टी शून्यच सांगणार.

मासळीतला धातू प्रथिनांना घट्ट चिकटलेला असतो. पट्टीवरच्या इलेक्ट्रोडला, म्हणजे विजेच्या टोकाला, दिसतो तो सुटा आयन, म्हणजे विद्युतभार असलेला मोकळा अणू. म्हणून मांस आधी आम्लात पूर्ण जिरवावं लागतं: एक ग्रॅम मांस, ५ मिली शुद्ध नायट्रिक आम्ल, १ मिली हायड्रोजन पेरॉक्साइड, बंद भांड्यात मायक्रोवेव्हने १८० अंशांवर. (उघड्यावर तापवलं तर पारा उडून जातो, आमच्या अर्जांसारखा.) कच्चं राहिलं तर उरलेली प्रथिनं इलेक्ट्रोडवर सायीसारखी बसतात आणि आलेखातलं धातूचं शिखर दबतं. मग जास्तीचं आम्ल उडवून, ४.६ सामूचं (पीएच), आम्लता स्थिर धरणारं अ‍ॅसिटेट बफर घालून २५ मिली करायचं.

माशातल्या शिशाची कायदेशीर मर्यादा किलोला ०.३ मिलिग्रॅम. म्हणजे त्या २५ मिलीत लिटरला १२ मायक्रोग्रॅम. बिस्मथचा थर दिलेल्या कार्बन इलेक्ट्रोडवर उणे १.२ व्होल्टला दोन मिनिटं ढवळत धातू जमवला आणि मग व्होल्टेज वर नेत तो सोडवला, की तेवढं शिसं उणे ०.५५ च्या आसपास स्पष्ट दिसतं, कॅडमियम उणे ०.८ ला. आपली पाच मिनिटं ती फक्त या मोजणीची. वर मोजून शिसं तीनदा घालून शिखर किती वाढतं ते पाहायचं, त्यावरून प्रमाण काढायचं, आणि मासळीशिवायचं कोरं आम्लही त्याच वाटेने न्यायचं. कधी शिसं आम्लाच्या बाटलीतूनच येतं. कालवांत तांबं भरपूर, ते बिस्मथची जागा बळकावतं. पाऱ्याला सोन्याचा इलेक्ट्रोड लागतो. तो खरेदीत होता? आम्लाची वाफ ओढून नेणारा फ्यूम हूड? यंत्र चालवणारा माणूस?

मासळी मेली की दर वेळी नमुना नेतात पाण्याचा. पाणी ओहोटीला निघून जातं. धातू गाळात बसतो, तिसऱ्या शिंपल्यांत चढतो. महाडला, लोट्याला, तळोज्याला रासायनिक वसाहती आणताना हे कुणाला ठाऊक नव्हतं म्हणायचं? न सापडावं म्हणूनच तुम्ही लोक मोजता, असं आता उघड बोलतात. बाजारात गिऱ्हाईक “खाडीचं का?” विचारून पाटी ओलांडतं. चांगली मासळीही पडून राहते, वाईट निमूट पोटात जाते.

पुढच्या वेळी नारळ नको. नायट्रिक आम्लाची अडीच लिटरची बाटली आणा, शुद्ध प्रतीची.

आपले,
खाडीकाठचे रसायनवाले

ता. क. ती पट्टी एकदाच वापरायची असते. जेटीवर तीच तीन माशांत बुडवली.