औरंगाबाद लेणी ‘उरकून’ टाकण्याची जागा नाही

मा. संपादक,
स.न.वि.वि.

कालच्या पुरवणीतील औरंगाबाद लेण्यांवरचा लेख वाचला आणि हे पत्र लिहिल्यावाचून राहवले नाही. बीबी का मकबरा पाहून झाला की ही लेणी ‘अर्ध्या तासात उरकता येतात’ आणि महिलांनी ‘एकट्याने तिकडे फिरकू नये’, असे दोन सल्ले आपल्या लेखकाने दिले आहेत. मला ते दोन्ही मान्य नाहीत.

गेल्या डिसेंबरमध्ये मी जालन्याहून सकाळच्या गाडीने एकटीच निघाले आणि सबंध दिवस त्या डोंगरावर काढला. मुख्यतः सहाव्या-सातव्या शतकात कोरलेले हे बौद्ध विहार आहेत आणि चौथ्या क्रमांकाचे चैत्यगृह, म्हणजे स्तूप असलेले प्रार्थनागृह, तर त्याहूनही जुने आहे. एकट्या तिसऱ्या लेण्यातच माझा दीड तास गेला. तेथे गाभाऱ्यात बुद्धमूर्तीसमोर दोन्ही बाजूंना, गुडघे टेकून हात जोडलेले उपासक आणि उपासिका कोरलेले आहेत, जवळजवळ खऱ्या माणसांएवढे. आत गेल्यावर आधी नुसते आकार जाणवतात. डोळे अंधाराला सरावले की एकेकाची केसांची ठेवण, गळ्यातील माळ, किंचित पुढे झुकलेली मान दिसू लागते आणि कोणाचाही चेहरा शेजारच्यासारखा नाही, हे ध्यानात येते. भरलेल्या सभेत आपण उशिरा येऊन मागे उभे राहिलो आहोत, असे मला तेथे वाटले. हे अर्ध्या तासात कसे उरकायचे?

दुपारी पूर्वेकडच्या लेण्यांकडे गेले, तेव्हा पायऱ्यांपाशी पहाऱ्यावर असलेल्या गृहस्थांनी मला अडवले. “मॅडम, सोबत कोण आहे?” कोणी नाही म्हटल्यावर, “एकट्या बाईमाणसाला वर सोडता येत नाही, कोणी आलं की त्यांच्यासोबत जा,” असे सांगितले. त्यांचे बोलणे अदबीचे होते, हे मुद्दाम नमूद करते. परंतु तिकीट देताना कोणीही असे काही बजावले नव्हते आणि तसा फलकही कोठे नव्हता. तीस वर्षे शाळेत मुलांना इतिहास शिकवलेली मी बाई, सव्वा तास त्या पायरीवर बसून राहिले. अखेर महाविद्यालयातील चार मुली आल्या आणि त्यांच्यामागून मला वर जाता आले. त्यांना परतीची बस गाठायची होती, म्हणून सातवे लेणे मला वीस मिनिटांत पाहावे लागले.

त्या लेण्याच्या दाराशेजारी अवलोकितेश्वराची, म्हणजे करुणेचे रूप मानलेल्या बोधिसत्त्वाची, मोठी मूर्ती आहे आणि तिच्या दोन्ही अंगांना आठ संकटे कोरली आहेत: आग, शत्रूची तलवार, बेड्या, बुडते जहाज, सिंह, साप, हत्ती आणि मृत्यू. प्रत्येक प्रसंगात घाबरलेली माणसे हात जोडून त्याचा धावा करीत आहेत. घरदार सोडून दूरच्या वाटेला लागलेल्यांचीच ही भीती आहे, आणि त्यांना धीर यावा म्हणून कोणी तरी तो काळा पाषाण इतक्या निगुतीने कोरला. ज्या शिल्पापुढे वाटसरूने निर्धास्त व्हावे, तेथवर पोचण्यासाठी मला सोबत शोधावी लागली, याचे दुःख अजून जात नाही. डोंगर सुनसान असेल तर वर आणखी एक पहारेकरी बसवावा. बाईला खाली बसवून ठेवू नये. तशी मागणी आपल्या लेखात हवी होती, त्याऐवजी आपण आम्हालाच घरी बसायला सांगितले.

आणखी एक. लेखासोबत छापलेले छायाचित्र औरंगाबादच्या लेण्यांचे नाहीच. ते अजिंठ्याच्या एकोणिसाव्या लेण्याचे दर्शनी तोंड आहे. मराठवाड्यातील वाचकाला घोड्याच्या नालाच्या आकाराची ती खिडकी ओळखू येते. कृपया दुरुस्ती छापावी.

आपली नियमित वाचक,
एक निवृत्त शिक्षिका, जालना