बूट पिशवीत, पाय चिखलात

महोदय,

अकोले तालुक्यातल्या घाटाकडच्या एका द्विशिक्षकी शाळेवर मी शिकवते. २०१५ पासून राष्ट्रीय जंतनाशक दिन पाळला जातो. अल्बेंडाझोलची ४०० मिलिग्रॅमची गोळी पोरांना मी समोर उभं करून चावून खायला लावते. जिभेखाली लपवणारे कोण, हे मला तोंडपाठ आहे. गोळीबद्दल माझी तक्रार नाही.

तिसरीतली एक मुलगी पाटीवरची पेन्सिल खाते. काढून घेतली तर भिंतीचा पोपडा चघळते. खालची पापणी ओढून पाहिली, तर आत पांढरीफटक. आरोग्यसेविकाताईंनी तपासलं, म्हणाल्या, रक्त कमी आहे. लगेच पुढचा प्रश्न : पायात काय घालते? अंकुशकृमीची अळी ओल्या मातीतून तळपायाच्या कातडीत शिरते आणि आतड्याला चिकटून रक्त पिते. दर आठवड्याची लोहाची गुलाबी गोळी मी तिला देतेच आहे.

पायात ती काहीच घालत नाही. शासनाचे बूट-मोजे मिळालेत, पण ते पिशवीत, १५ ऑगस्टसाठी जपून ठेवलेले. तिच्या आईचं काही चुकलं असं मला वाटत नाही. आमच्याकडे भर पावसात मोजा भिजला की चुलीवर टांगूनही दोन-दोन दिवस वाळत नाही. आवणीला, म्हणजे भाताची रोपं लावायला, पोरं आईबापांबरोबर खाचरात असतात. परसाकडेही बांधाच्या आडोशाला जातात, कारण शाळेच्या संडासाला दार आहे, रंग आहे, पाणी नाही. गोळीने पोटातले जंत पडतात, पण दुसऱ्या दिवशी पाय त्याच चिखलात.

शिवाय जंताच्या गोळीची ऑगस्टची फेरी आली की आवणी लांबलेल्या घरची पोरं गैरहजर. राहिलेल्यांसाठीचा मॉप-अप दिवस आठवड्याभरात येतो, तेव्हाही ती खाचरातच.

डोंगरपट्ट्यातल्या शाळांना बूट-मोज्यांऐवजी प्लास्टिकच्या पावसाळी सँडल द्याव्यात, आणि त्या जूनमध्येच. दिवाळीनंतर आल्या तर उपयोग नाही. संडासाला पाणी द्यावं. मॉप-अपचा दिवस आवणी उरकल्यावर ठेवावा, तो ठरवताना आम्हा शिक्षकांना एकदा विचारावं.

गेल्या सोमवारी त्या मुलीला माझ्या लेकीच्या जुन्या सँडल दिल्या. एक नंबर मोठ्या होतात, तरी घालते. पेन्सिल अजून खाते.

— एक प्राथमिक शिक्षिका, ता. अकोले, जि. अहिल्यानगर