आईच्या मनगटाचा हिशोब

ती. आई-बाबांस,
साष्टांग नमस्कार.

परवा निघताना बोलायचं होतं, पण दारात उभं राहून पैशांचं बोलवेना, म्हणून लिहिते आहे.

आई, तुझ्या मनगटाला क्रेप बँडेज होतं. विचारलं तर दारावर आपटलं म्हणालीस. त्या रात्री मी शेजारच्या खोलीत जागीच होते. बारा, अडीच, साडेचार. तीनदा बाबांना उठवलंस आणि तिन्ही वेळा त्याच हाताचा आधार दिलास. सकाळी मी मदतनीस ठेवण्याचा विषय काढला, तर बाबा म्हणाले, "उगाच खर्च कशाला? चाललंय की आमचं."

बाबा, चाललंय ते आईच्या जिवावर. पैसे जात नाहीत म्हणून खर्च होत नाही असं नाही. उद्या तिची पाठ धरली, तर एकाऐवजी दोघांसाठी माणूस शोधावा लागेल, आणि तोही घाईत, मिळेल तो, मागेल त्या दराने.

चोवीस तासांच्या माणसाचा आकडा कुणीतरी तुम्हाला सांगितला आणि तुम्ही धसका घेतलात, हे मला कळतं. पण तो आकडा एवढा का होतो, ते बघा. आठवड्याचे तास १६८. एकाने आठवड्याला ४८ तास काम केलं, तर तेवढ्या वेळेला साडेतीन माणसं लागतात. आपल्याला आज सकाळी दोन तास आणि संध्याकाळी एक तास पुरेल. म्हणजे आठवड्याचे २१ तास, १६८ चा आठवा भाग. थोड्या तासांना ताशी दर जास्त पडतो, हे खरं; तरी बेरीज त्या धसक्याच्या जवळपासही जात नाही.

शिवाय नर्सची गरज नाही. सिडनी कॅट्झ नावाच्या डॉक्टरांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६३ मध्ये रोजच्या सहा कामांची एक मोजणी प्रसिद्ध केली, ती अजून वापरतात: अंघोळ, कपडे, शौचालय, उठबस, लघवी-शौचावरचा ताबा आणि जेवण. यात बाबांना तीन ठिकाणी हात लागतो: अंघोळ, शौचालय आणि उठबस. इंजेक्शन नाही, ड्रेसिंग नाही. नर्सचा दर वेगळा, मदतनिसाचा वेगळा. रात्रीसाठी माणूस ठेवण्याआधी पलंगाशेजारी कमोडची खुर्ची आणि बाथरूमच्या भिंतीला धरायला दांडे एवढं करून पाहू. तो खर्च एकदाच.

मदतनीस पुरवणाऱ्या ब्यूरोकडून माणूस घेतला तर ब्यूरोचा वाटा वर द्यावा लागतो, पण ती व्यक्ती आजारी पडली की बदली मागता येते. आपण थेट ठेवलं तर स्वस्त पडेल, मात्र तिची सुट्टी, तिचं आजारपण, तिच्या जागी कोण, हे सगळं आपल्यावर येतं. मला ब्यूरो बरा वाटतो. नाहीतर प्रत्येक खाड्याला पुन्हा आईच उभी राहील.

आता पैसे कुठून. आरोग्य विम्यावर फार भिस्त ठेवू नका. तो बहुधा उपचारांसाठी असतो, अंघोळ घालणाऱ्या माणसासाठी नाही. तरी पॉलिसीचा कागद मला पाठवा, मी ओळ न् ओळ वाचते. दीर्घकालीन देखभालीचा वेगळा विमा असतो, पण तो तब्येत धड असताना घ्यायचा. बाबांसाठी ती वेळ गेली.

म्हणून आधी पेन्शन, मग ठेवींचं व्याज, आणि ते कमी पडलं तर मुद्दल. हो, मुद्दल. ते आमच्यासाठी राखून ठेवलंय हे मला ठाऊक आहे. आम्हाला नको आहे. तुमचा पैसा आधी तुमच्यासाठी, यावर दादाचं आणि माझं एकमत आहे. दर वाढत जाणार हेही धरून चालू: वर्षाला सहा टक्क्यांनी वाढले तर बारा वर्षांत दुप्पट होतात. ठेवी त्या मानाने पुरतील का, ते मी मांडून बघते. घर तारण ठेवून बँकेकडून दरमहा रक्कम घ्यायची सोयही असते, त्यात आपण राहत्या घरातच राहतो. ती अगदी शेवटी.

त्याउपर लागेल ते मी दरमहा पाठवीन. दादा दवाखान्याच्या फेऱ्या करतो, कामावरून रजा काढतो. तो त्याचा वाटा आहे, त्याच्याकडून वर पैसे मागायचे नाहीत. आणि बाबा, खात्यावर मी नुसती नॉमिनी आहे. तुम्ही असताना तुमच्यासाठी पैसे काढायला त्याचा काही उपयोग नाही. आईचं नाव जोडून खातं जॉइंट करू, तुम्ही स्वतः सही करू शकता तोवरच.

रविवारी दुपारी फोन करते. तोवर एक करा. आठवडाभर वहीत लिहा: आई किती वाजता उठली, कशासाठी, किती वेळ. त्यावरून तास ठरवू. लिहायचं काम बाबा तुमचं, तिला वहीसुद्धा सांभाळायला लावू नका.

तुमची,
धाकटी