घडाचा कागद

तासगाव, १४ डिसेंबर

चि. सुजय यास,
अनेक आशीर्वाद.

द्राक्षबागेत घडांना कागद बांधायचं चाललंय. मण्यात पाणी उतरल्यावर ऊन लागलं की घड गुलाबी पडतो आणि व्यापारी भाव पाडतो. परवा बांधताना तुझी आठवण निघाली. आठ वर्षांचा होतास. याच कामाला तुला दिवसभर बांधावरून गठ्ठे आणायला लावलं, बिनटोपीचा. रात्री नाक-कान भाजल्यासारखे लाल. मग पाणी भरलेले फोड, त्यांना मधोमध खळी, वर काळी खपली. आजी म्हणाली, देवी आल्या. मी म्हटलं, देवीचा रोग जगातून गेल्याचं १९८० सालीच जाहीर झालं, कांजिण्या असतील. तिसऱ्यांदा आलं तेव्हा मी तुला काय बोललो ते तुला आठवतंय. कामाचा कंटाळा म्हणून खाजवून घेतोस, म्हणालो. घडाला कागद बांधणाऱ्या बापाला एवढं सुचू नये!

मिरजेच्या डॉक्टरांनी कातडीचा बारका तुकडा तपासायला पाठवला तेव्हा नाव कळलं: हायड्रोआ व्हॅक्सिनीफॉर्मे, उन्हानं फोड उठवणारं दुखणं. फ्रान्सच्या बाझँ नावाच्या डॉक्टरांनी १८६२ साली नोंदवलेलं. व्हॅक्सिनीफॉर्मे म्हणजे देवीच्या लशीच्या वणासारखं. म्हणजे आजी काही अगदीच चुकली नव्हती.

आता मुद्दा. फोनवर म्हणालास, मॅच खेळतोयस. खेळ, पण उन्हं कलल्यावर. आणि एसटीत काच लावली म्हणून खिडकीला बसू नकोस. अंग भाजणारे किरण काच बरेचसे अडवते, तुला बाधणारे यूव्हीए त्यातून आरपार येतात. क्रीम घेताना डब्यावर यूव्हीए लिहिलेलं बघ, दर दोन तासांनी परत लाव. रूममधल्या पोरांना सांगून टाक, हे शिवल्यानं लागत नाही.

ताप आला, तोंड सुजलं किंवा फारसं ऊन न लागताही फोड उठले, तर मात्र माझ्या फोनची वाट बघू नकोस, त्याच दिवशी डॉक्टरकडे जा. पुष्कळदा या दुखण्यामागे ईबी नावाचा विषाणू असतो, म्हणून तुझं रक्त तपासत राहायचं. बऱ्याच जणांचं तरुणपणी आपसूक कमी होतं. तुझंही होईल असं लिहून देत नाही, पण यंदा नवा वण नाही म्हणालास, ते मी आईला दोनदा सांगितलं.

बेदाण्याच्या पुड्याबरोबर टोपी पाठवतोय. आईने शिवलीय, काठ सुपाएवढा आहे. पोरं हसतील. घाल.

तुझे,
आप्पा