भाजलेल्या ग्रीक चीजच्या कृतीत दुरुस्ती हवी

मा. संपादक महोदय,
सादर नमस्कार.

आपल्या दैनिकाच्या रविवारच्या पुरवणीत दोन आठवड्यांपूर्वी ओव्हनमध्ये भाजलेल्या ग्रीक चीजची एक कृती प्रसिद्ध झाली होती. जेवणाआधी पावाबरोबर खायचा हा पदार्थ घरच्या घरी सहज होतो, असे तिच्यात म्हटले होते आणि ते खरेही आहे. परंतु त्या कृतीत चीजची निवड चुकलेली आहे, दोन निराळ्या पदार्थांची सरमिसळ झालेली आहे आणि शेवटची एक सूचना तर घरात आग लागण्याला निमंत्रण देणारी आहे. मी इंदूरमध्ये अनेक वर्षे शाळेत गृहविज्ञान शिकवले. छापलेल्या कृतीवर वाचक डोळे झाकून विश्वास ठेवतात हे मला ठाऊक आहे, म्हणून हे पत्र सविस्तर लिहीत आहे.

प्रथम घडले ते सांगते. आमच्या भिशीची पाळी माझ्याकडे होती आणि आठ जणी येणार होत्या. कृतीत 'कोणतेही चीज चालेल, मोझरेला उत्तम' असे लिहिले असल्याने मी मोझरेलाची ४०० ग्रॅमची लादी आणली, टोमॅटोच्या चकत्यांवर ठेवली आणि सांगितल्याप्रमाणे २२० अंशांवर अर्धा तास भाजायला लावली. पंधराव्या मिनिटाला चीज पातळ होऊन भांड्याच्या काठावरून ओघळले, खालच्या तापलेल्या कांडीवर पडले आणि स्वयंपाकघर धुराने भरले. उरलेले बाहेर काढले तेव्हा त्यातून तूप सुटल्यासारखे तेल वेगळे झाले होते, आणि पाहुण्या येईपर्यंत वरचा थर थंड होऊन इतका चिवट झाला की सुरी घातली तर सगळा थर एकदमच उचलून येत होता. चारशे ग्रॅम चीज वाया गेले याचे वाईट वाटलेच. पण याहून वाईट वाटले ते एकीच्या बोलण्याचे. "परदेशी पदार्थ आपल्या हाताला येत नाहीत," असे ती म्हणाली. हात चुकला नव्हता, कृती चुकली होती.

ग्रीसमध्ये चीजचे असे दोन पदार्थ खाल्ले जातात आणि दोन्हींची चीजे निराळी आहेत. एक 'सागानाकी'. हे नाव पदार्थाचे नसून दोन कानांच्या लहान कढईचे आहे. केफालोतिरी किंवा ग्राविएरा यांसारख्या घट्ट, मुरलेल्या चीजचा बोटभर जाडीचा काप पाण्यात बुडवून पिठात घोळवतात, तेलात दोन्ही बाजूंनी खरपूस तळतात आणि वर लिंबू पिळतात. दुसरा भाजलेला फेटा. थेस्सलोनिकीकडे त्याचा टोमॅटो, मिरची आणि लाल तिखटाचा जो झणझणीत प्रकार होतो, त्याला 'बुयुर्दी' म्हणतात. हा शब्द तुर्की अमदानीतल्या लेखी हुकमाच्या नावावरून आला आहे. पहिला पदार्थ चुलीवरचा, दुसरा भट्टीतला. पुरवणीतल्या कृतीचे नाव पहिल्याचे होते, साहित्य अर्धे दुसऱ्याचे होते, आणि चीज या दोहोंपैकी कशाचेच नव्हते.

फेटा या शब्दाचा आपल्या डोक्यावरच्या फेट्याशी काही संबंध नाही. तो इटालियन भाषेतल्या 'काप' या अर्थाच्या शब्दावरून ग्रीकमध्ये आला. हे चीज मेंढीच्या दुधाचे असते. त्यात शेळीचे दूध मिसळता येते, परंतु ३० टक्क्यांपर्यंतच, आणि गाईचे दूध मुळीच चालत नाही. घट्ट जमवलेल्या दुधाचे ठोकळे मिठाच्या पाण्यात ठेवून किमान दोन महिने मुरवतात. हे नाव कोणी वापरावे यावर युरोपात मोठा वाद झाला. २००२ साली ते ग्रीसच्या ठरावीक प्रदेशांपुरते राखून ठेवण्यात आले, डेन्मार्क आणि जर्मनी त्याविरुद्ध युरोपीय न्यायालयात गेले, आणि २००५ साली निकाल ग्रीसच्या बाजूने लागला. एखाद्या देशाने ज्या चीजसाठी इतकी वर्षे न्यायालयात बाजू मांडली, त्याच्या जागी 'कोणतेही चीज चालेल' असे लिहिणे मला योग्य वाटत नाही.

फेटा भट्टीत वितळत नाही, आणि न वितळण्याचा हा गुणच या पदार्थाचा पाया आहे. मोझरेलाचा गोळा गरम पाण्यात ताणून मळलेला असतो, त्यामुळे उष्णता लागताच त्याची वीण सैल होते आणि तारा सुटतात. पिझ्झ्यावर आपल्याला तेच हवे असते. फेट्यात आंबटपणा इतका वाढलेला असतो की दुधातली प्रथिने एकमेकांना घट्ट धरून बसतात. भट्टीत तो मऊ होतो, कडेने गुलाबी-तपकिरी होतो, चमच्याने सहज तुटतो, पण आपली जागा सोडत नाही. आपल्याकडे उकळत्या दुधात लिंबू पिळून केलेले पनीरही असेच वागते, हे पनीर टिक्का खाणाऱ्या कोणालाही सांगावे लागणार नाही. म्हणजे ज्याला फेटा मिळत नाही किंवा परवडत नाही, त्याच्यासाठी खरा पर्याय मोझरेला नसून पनीर हा आहे.

पनीरमध्ये दोन गोष्टींची उणीव असते, खारटपणाची आणि आंबटपणाची. ती भरून काढण्याचे साधन आपल्या मराठी घरांत पाडव्याला आणि दसऱ्याला मोरीत ओतले जाते. श्रीखंडासाठी चक्का बांधला की खाली पातेल्यात जे पिवळसर-हिरवट पाणी गळते, ते मी म्हणते. असे अर्धा लिटर पाणी घेऊन त्यात ३५ ग्रॅम मीठ विरघळवावे, २०० ग्रॅम पनीरचा दोन सेंटिमीटर जाडीचा अखंड काप त्यात बुडवून झाकण लावावे आणि फ्रिजमध्ये रात्रभर, जमल्यास पूर्ण दिवस ठेवावे. पनीर शक्यतो म्हशीच्या दुधाचे घ्यावे. मेंढीच्या दुधात स्निग्धांश सहा-सात टक्के असतो, म्हशीच्या दुधातही जवळपास तितकाच. शिवाय गाईच्या दुधाला येणारी पिवळी झाक या दोन्ही दुधांना नसते, म्हणून रंगही तसाच पांढराशुभ्र राहतो. होळकरांच्या या नगरीत मेंढीचे दूध मात्र दुकानात मिळत नाही. ज्या मल्हाररावांनी इथे सत्ता उभी केली ते धनगर कुळातले होते, हे त्या वेळी मनात येतेच.

आता भाजणे. मी मातीची पसरट परळ वापरते. नवी परळ आधी काही तास पाण्यात भिजवून ठेवावी आणि थंड ओव्हनमध्येच ठेवून भांडे व ओव्हन बरोबर तापू द्यावेत, कारण थंड माती तापलेल्या भट्टीत सरकवली तर ती तडकते. परळीला तेलाचा हात लावून टोमॅटोच्या चकत्या पसराव्यात, त्यावर पाणी निथळून पुसलेला पनीरचा किंवा फेट्याचा काप ठेवावा, भोवती ढोबळी मिरचीच्या चकत्या आणि एखादी हिरवी मिरची चिरून घालावी, वरून दोन मोठे चमचे ऑलिव्ह तेल, अर्धा चमचा ओरेगॅनो आणि चिमूटभर कुटलेली लाल मिरची घालावी. मीठ घालू नये. पनीर असेल तर त्यावर दोन चमचे चक्का पसरावा, म्हणजे पृष्ठभाग कोरडा पडत नाही. हे सगळे २०० अंशांवर पंधरा मिनिटे झाकून आणि नंतर सात-आठ मिनिटे झाकण काढून, वरची कांडी चालू ठेवून भाजावे. टोमॅटोचे पाणी सुटून तेलाबरोबर बुडबुडे येऊ लागले आणि कापाच्या कडांवर तपकिरी ठिपके दिसू लागले की काढावे. टेबलावर आणल्यावरही परळ काही वेळ सूं सूं आवाज करत राहते. तेवढ्यातच खायला घ्यावे.

ओरेगॅनो नसेल तर त्याच्यासाठी बाजारात धावू नये. गॅलरीतल्या कुंडीत बहुतेकांकडे पानओवा असतो, ज्याची आपण पावसाळ्यात भजी करतो. ओरेगॅनो आणि पानओवा दोन्ही तुळशीच्या कुळातले आहेत आणि त्यांच्या वासातही नाते आहे. दोन पाने बारीक चिरून घातली तर पुरे होतात. जास्त घातली की पदार्थ औषधी लागतो.

ज्यांच्याकडे ओव्हन नाही त्यांनीही निराश होऊ नये. ग्रीसच्या खेड्यांत पूर्वी धातूच्या घुमटाकार झाकणावर निखारे पसरून खालचा पदार्थ भाजत. त्या झाकणाला 'गास्त्रा' म्हणतात. आमच्या आजीच्या स्वयंपाकघरातली 'वर-खाली विस्तव' ही पद्धत याहून वेगळी नव्हती, आणि बाफले भाजणाऱ्या माळव्याला धगीचे गणित नव्याने शिकवायला नको. जाड कढईत वाळू तापवून, मध्ये तिवई ठेवून, परळीवर घट्ट झाकण लावून मंद आचेवर अर्धा तास ठेवले तर चीज छान मऊ होते. वरचा रंग मात्र येत नाही, त्यासाठी झाकणावर निखारेच हवेत.

फेटा विकत आणणाऱ्यांसाठी दोन शब्द. परंपरेने हे चीज जमवण्यासाठी करडाच्या किंवा कोकराच्या जठरातून काढलेले, दूध जमवणारे द्रव्य (रेनेट) वापरले जाते. इंदूरच्या पुष्कळ शाकाहारी घरांना ही गोष्ट माहीत नसते, म्हणून पाकिटावरचा हिरवा ठिपका पाहूनच घ्यावे. घटकांच्या यादीत दुधाबरोबर वनस्पती तेल असेल तर ते चीज नव्हे, हेही ध्यानात ठेवावे. एका दुकानात मला फेटा म्हणून सुट्या डब्यातून जे दिले गेले, त्याच्यावर कसलाही कागद नव्हता, आणि भाजल्यावर ते वाळूसारखे रवाळ होऊन तेलात पसरले. तेव्हापासून मी सुटे घेत नाही. खऱ्या फेट्याच्या १०० ग्रॅममध्ये साधारण अडीच ग्रॅम मीठ असते आणि जागतिक आरोग्य संघटनेने मोठ्या माणसासाठी दिवसाला पाच ग्रॅमहून कमी मीठ सुचवले आहे. त्यामुळे घरात रक्तदाबाचे कोणी असेल तर काप अर्धा तास साध्या पाण्यात ठेवून, मग पुसून भाजावा. चवीत फारसा फरक पडत नाही.

सर्वांत गंभीर मुद्दा मी मुद्दाम शेवटी ठेवला आहे. कृतीच्या अखेरीस 'अस्सल ग्रीक पद्धतीने वाढण्यासाठी गरम चीजवर ब्रँडी ओतून काडी लावावी' असे छापले आहे. ही पद्धत ग्रीक नाही. चीजवर मद्य ओतून ते पेटवण्याची प्रथा अमेरिकेतली आहे आणि तिचे श्रेय शिकागोच्या ग्रीकटाउन भागातल्या एका उपाहारगृहाला, १९६८ सालापासून, दिले जाते. तिथे ते सरावलेले वाढपी करतात. आपल्या घरी मद्याची वाफ, शेजारी चालू गॅस, वर टांगलेला पडदा, पदर किंवा ओढणी, आणि टेबलाभोवती वाकून पाहणारी मुले असतात. तुपाची फोडणी पेटली तर झाकण टाकायला आपला हात शिकलेला असतो. बाटलीतून ओतताना ज्वाळा उलट बाटलीकडे आली तर काय करायचे, हे कोणाला माहीत असते? माझ्या ओळखीच्या एका महाविद्यालयीन मुलीने ती कृती कापून ठेवली आहे आणि मैत्रिणींना बोलावून हाच भाग करून दाखवण्याचा तिचा बेत होता. मी तिला थांबवले, परंतु आपली पुरवणी मला माहीत नसलेल्या किती घरांत गेली असेल, याची काळजी वाटते.

म्हणून माझी विनंती अशी की, दुरुस्ती आतल्या पानाच्या कोपऱ्यात न छापता त्याच पुरवणीत, त्याच जागी आणि तितक्याच ठळकपणे छापावी. ब्रँडीची ओळ मागे घेत असल्याचे तिच्यात स्पष्ट म्हटलेले असावे आणि चीजचे नाव, वजन व भट्टीचे तापमान अचूक दिलेले असावे. वर दिलेली पनीरची कृती मी तीन वेळा करून पाहिली आहे आणि मागच्या भिशीत त्याच आठ जणींनी ती पोळीच्या तुकड्यांनी परळ पुसून संपवली. तिचा उपयोग होणार असेल तर ती आपण खुशाल वापरावी. माझे नाव छापण्याची आवश्यकता नाही.

कळावे,
आपली नियमित वाचक,
एक निवृत्त गृहविज्ञान शिक्षिका,
इंदूर