मुलांच्या जीपला सुटे भाग का मिळू नयेत?

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

नातवासाठी तीन वर्षांपूर्वी घेतलेली बॅटरीवरची जीप यंदा चवथीच्या सुटीत पडवीतून बाहेर काढली, तेव्हा ती जागची हलेना. म्हापशातल्या ज्या दुकानातून ती घेतली होती, तेथे नेली असता, एकही स्क्रू न काढता, 'मशीन गेले, दुरुस्ती परवडणार नाही, नवी घ्या' असे सांगण्यात आले. मी वायरमन नव्हे, आयुष्य कार्यालयातल्या टेबलावर गेले. तरीही न बघताच मिळालेला हा निकाल मला पटला नाही आणि जीप परत मांद्र्याला आणली.

बैठक उचलली की आतली मांडणी दिसते आणि ती फारच साधी असते: बारा व्होल्टची बॅटरी, फ्यूज, पायाखालचे बटण, पुढे-मागे करण्याचा स्विच आणि मागच्या दोन चाकांना दोन मोटरी. शेजाऱ्याकडून मल्टिमीटर, म्हणजे व्होल्ट मोजण्याचे यंत्र, मागून आणला. बॅटरी नुसती असताना काटा बारा व्होल्टच्या आसपास थांबे. पाय दाबताच तो सहाच्याही खाली येई. चार्जर लावला की हिरवा दिवा दहा मिनिटांतच लागे, म्हणजे बॅटरी वीज घेतच नव्हती. चूक आमचीच होती. मे महिन्यात खेळून उतरलेली बॅटरी आम्ही तशीच ठेवली आणि सारा पावसाळा ती तिथेच राहिली. अशी लेड-ॲसिड, म्हणजे शिसे आणि आम्लाची, बॅटरी रिकामी राहिली की तिच्या आतल्या पट्ट्यांवर शिशाच्या सल्फेटचा कठीण थर धरतो आणि तो पुन्हा चार्ज केल्याने सहसा जात नाही. वापर नसतानाही महिन्यातून एकदा ती पूर्ण चार्ज करून ठेवावी, एवढे एक वाक्य त्या जीपच्या खोक्यावर कुठेही छापलेले नव्हते.

गंमत अशी की, 'दुरुस्ती परवडणार नाही' म्हणून सांगितलेल्या जीपची ही बॅटरी म्हणजे घरोघरच्या कॉम्प्युटर यूपीएसमध्ये असते तीच, १२ व्होल्ट ७ अँपिअर-तासांची. यूपीएसच्या दुकानात ती सहज मिळाली आणि जुनी त्यांनीच भंगार म्हणून ठेवून घेतली, हेही बरे झाले. बॅटरी कचरा व्यवस्थापन नियम, २०२२ प्रमाणे अशी बॅटरी घरच्या कचऱ्यात टाकायची नसतेच. लाल-काळ्या तारा उलट लागू नयेत म्हणून जुनी काढण्यापूर्वी मोबाइलवर फोटो काढून ठेवला होता. हा सल्ला इतरांनाही देतो, आणि उडालेला फ्यूज टाळून तार थेट जोडू नये, हाही. समुद्रावरच्या खाऱ्या वाऱ्याने जोडांवर हिरवट गंज चढला होता. तो बारीक पॉलिश पेपरने घासला, वर थोडे व्हॅसलीन लावले आणि जीप चालली.

मात्र पूर्ण नव्हे. डाव्या चाकाच्या गिअरबॉक्समधले प्लॅस्टिकचे दात झिजले असून मोटर नुसतीच करकरत फिरते. परिणामी जीप एकट्या उजव्या चाकाच्या जोरावर डावीकडे ओढ घेत तुळशीभोवती फिरत राहते. हा एकच भाग आम्हाला कुठेही मिळत नाही. मोटरीचा वेग आणि दातांची संख्या जुळल्याशिवाय दुसरा बसवताही येत नाही, कारण मग एक चाक दुसऱ्याच्या पुढे धावू लागते. विक्रेत्याकडे विचारले तर ना भागाचा क्रमांक, ना कंपनीचा पत्ता.

खेळण्यांवर आयएसआय चिन्ह १ जानेवारी २०२१ पासून बंधनकारक आहे आणि मुलांच्या सुरक्षेसाठी ते योग्यच आहे. केंद्राच्या ग्राहक व्यवहार खात्याने डिसेंबर २०२२ मध्ये 'राइट टू रिपेअर', म्हणजे दुरुस्तीच्या हक्काचे, संकेतस्थळ सुरू केले. त्यात शेतीची अवजारे, मोबाइल व इलेक्ट्रॉनिक वस्तू, घरगुती टिकाऊ वस्तू आणि वाहने ही चार क्षेत्रे घेतली. हजारो रुपये किमतीच्या या जीपला त्या यादीत स्वतंत्र जागा नाही. खात्याने ती द्यावी. निदान तोपर्यंत, अशी खेळणी विकणाऱ्यांनी बॅटरीचे व्होल्ट व अँपिअर-तास, गिअरबॉक्सचा क्रमांक आणि पावसाळ्यात जपण्याच्या सूचना मराठीत छापून द्याव्यात, तसेच बॅटरी, चार्जर आणि गिअरबॉक्स हे तीन भाग विक्रीनंतर काही वर्षे तरी मिळतील याची लेखी हमी बिलावर नोंदवावी. गोव्यातल्या कोणा वाचकाकडे बंद पडलेली अशीच जीप असून तिचा डावा गिअरबॉक्स शाबूत असेल, तर त्यांनी या सदरातून जरूर कळवावे.

आपला विश्वासू,
एक वाचक, मांद्रे-पेडणे