एक ऑर्डर, तीन डबे, तीनदा किंमत: अर्थमंत्र्यांना सोलापूरहून खुलं पत्र

माननीय केंद्रीय अर्थमंत्री निर्मला सीतारामन मॅडम,

सोलापूरहून नमस्कार.

पत्र मराठीत लिहितोय, तुमच्या ऑफिसात कोणीतरी मराठी माणूस असेलच, तो वाचून सांगेल. आधीच सांगून टाकतो, परदेशी मालावरची कस्टम ड्युटी कमी करा म्हणून हे पत्र नाहीये. दर किती ठेवायचा ते तुम्ही बघा, आम्ही भरतो. माझं म्हणणं एवढंच की ज्या मालाचे मी एकदा पैसे दिले त्याची किंमत पण एकदाच धरा. परदेशातनं मागवलेली ऑनलाइन ऑर्डर दुकानदारानं दोन-तीन पार्सलात पाठवली की हा साधा हिशोब कुठं गडप होतो ते कळत नाही, आणि विचारायला जावं तर सगळे एकमेकांकडं बोट दाखवतात.

आम्ही काही जण इथं हौसेनं दुर्बिणी बनवतो. सोलापूरचं आभाळ पावसाळा सोडला तर बऱ्यापैकी कोरडं, गावाबाहेर थोडं लांब गेलं की रात्री मस्त दिसतं. ट्यूब, खालचा लाकडी स्टँड हे सगळं इथंच होतं, आमचा सुतार तर आता डिझाइन पण विचारत नाही, प्लायवूडची जाडी तोच सांगतो. पण आरसा, फोकसर (चित्र स्पष्ट करायला पुढं-मागं सरकणारा भाग) आणि आयपीस (डोळा लावायचं भिंग) बाहेरनं मागवतो. तर अशीच एक ऑर्डर. हिशोब सोपा जावा म्हणून आकडे गोल करून सांगतो. आरसा २०० डॉलर, फोकसर ८०, आयपीस ४०, झाले ३२०. त्यावर दहा टक्के कुपन, म्हणजे ३२ कमी, राहिले २८८. शिपिंग ३६. कार्डावरनं गेले ३२४. दुकानदाराकडं तिन्ही वस्तू एका गोडाउनात नव्हत्या म्हणून डबे तीन निघाले, वेगवेगळ्या दिवशी. त्यात माझं काही चालत नाही, चेकआउट करताना असं काही विचारत पण नाहीत.

आता डब्याच्या बाहेर पारदर्शक प्लास्टिकची पिशवी चिकटवलेली असते बघा, त्यात इन्व्हॉइसची घडी. पहिल्या डब्यात आरसा, पण पिशवीतल्या कागदावर तिन्ही वस्तू आणि खाली टोटल ३२४. दुसऱ्या डब्यात नुसता फोकसर, पिशवीत तोच कागद, तीच टोटल. लेबलच्या कोपऱ्यात बारीक अक्षरात ‘तीनपैकी दुसरं’ असं इंग्रजीत छापलेलं होतं, म्हणजे दुकानदाराला माहीत होतं, कुरिअरला माहीत होतं, पण कुरिअरनं माझ्या नावानं जे बिल ऑफ एंट्री, म्हणजे कस्टम्सला द्यायचा आयातीचा कागद, भरलं त्यात त्याचा पत्ताच नाही. तिसऱ्या डब्याची तर वेगळीच गंमत. त्याच्या कागदावर फक्त आयपीस होता, पण किंमत कुपनाआधीची, ४०, आणि शिपिंगची ओळ कोरी. शिपिंग कोरी म्हटल्यावर तिथं २० टक्के लावून टाकले, ८ डॉलर. म्हणजे ३२४ ला घेतलेल्या मालाची किंमत ३२४ अधिक ३२४ अधिक ४८, एकूण ६९६ धरली गेली. विम्याचे किरकोळ पैसे त्यात मी मोजतच नाहीये. आणि वाढलेल्या किमतीवर नुसती कस्टम ड्युटी वाढत नाही, किंमत आणि ड्युटी यांच्या बेरजेवर परत आयजीएसटी, म्हणजे आयातीवरचा जीएसटी, लागतो, त्यामुळं चूक खाली उतरता उतरता मोठी होत जाते.

मॅडम, कायदा वाईट नाहीये, मी वाचलाय. १९६२ च्या कस्टम्स ॲक्टचं कलम १४ म्हणतं की किंमत म्हणजे खरोखर दिलेली किंवा द्यायची रक्कम. २००७ चे व्हॅल्युएशनचे नियम आहेत, त्यात नियम १० प्रमाणे भाडं, म्हणजे शिपिंग, आणि विमा मिळवायचा, भाडं कळतच नसेल तर मालाच्या किमतीच्या २० टक्के, विमा कळत नसेल तर १.१२५ टक्के. कळत नसेल तर, हे महत्त्वाचं. माझ्या केसमध्ये भाडं कळत होतं की, ३६ डॉलर, म्हणजे २८८ वर साडेबारा टक्के. फक्त ते ज्या कागदावर होतं तो कागद बाकीच्या दोन डब्यांना चिकटला होता.

बरोबर हिशोब काय व्हायला पाहिजे होता ते पण सांगतो, त्याला सीए लागत नाही. कुपन आणि शिपिंग दोन्ही वस्तूंच्या किमतीच्या प्रमाणात वाटायचं. आरसा १८० अधिक साडेबावीस, २०२.५०. फोकसर ७२ अधिक ९, ८१. आयपीस ३६ अधिक साडेचार, ४०.५०. बेरीज करा, बरोबर ३२४ येते. डबे तीन करा नाहीतर तेरा करा, बेरीज तीच आली पाहिजे. प्रत्येक पार्सलच्या तारखेला डॉलरचा भाव वेगळा असतो म्हणून रुपयात थोडं इकडं तिकडं होईल, कायद्यात बिल ऑफ एंट्री दाखल केल्याच्या दिवशीचा भाव धरतात, ते मान्य आहे, त्याबद्दल तक्रार नाही.

हे सरकारला जमत नाही असं कोण म्हणेल? सोलापुरात राहून तर नाहीच म्हणता येणार. आमच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीत टॉवेलचे कारखाने आहेत, टेरी टॉवेल इथनं परदेशी जातो, सोलापुरी चादरीसारखंच त्याला पण जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन, आहे. तिथल्या कुठल्याही ऑफिसात जाऊन शिपिंगचं काम बघणाऱ्या पोराला विचारा, तो सांगेल, इन्व्हॉइस एक, सोबत पॅकिंग लिस्ट, कुठल्या कार्टनात काय आणि किती, कार्टन नंबर अमुक ते तमुक. प्रत्येक कार्टनवर अख्ख्या ऑर्डरची किंमत लिहून पाठव म्हटलं तर तो हसेल. मोठ्या व्यापाऱ्याला जी शिस्त लावलीय तीच घरगुती पार्सलाला लावा, एवढीच मागणी.

आता कोणी म्हणेल की लोक मुद्दाम ऑर्डर फोडतात ड्युटी चुकवायला. फोडून मिळणार काय? अमेरिकेत ८०० डॉलरपर्यंत सूट होती, ती त्यांनी २९ ऑगस्ट २०२५ पासून बंद केली, तोपर्यंत तिथं फोडण्यात अर्थ होता. आपल्याकडं ऑनलाइन खरेदीला अशी सूट नाहीच. कलम २५ मध्ये एवढंच आहे की ड्युटी १०० रुपये किंवा त्याच्या आत बसत असेल तर वसूल करायची नाही. आरसा काय १०० रुपये ड्युटीत बसतो काय हो. हां, बारीकसारीक माल, मोबाइलची कव्हरं वगैरे कोणी एकेक करून मागवत असेल तर त्याला धरायला पण हाच उपाय लागतो, सगळ्या पार्सलांवर ऑर्डर नंबर. म्हणजे मी जे मागतोय त्यात डिपार्टमेंटचा पण फायदाच आहे, चोर पण सापडेल आणि साधा माणूस पण सुटेल.

खरी अडचण कुठंय सांगू का. कायद्यानं आयातदार मी. कलम ४६ मध्ये स्पष्ट आहे की बिल ऑफ एंट्रीतली माहिती खरी आणि पूर्ण असण्याची जबाबदारी आयातदाराची. केवायसी माझं, आधार माझं, पण भरतो कोण तर कुरिअरवाला, आणि मला ते दिसतं कधी तर ड्युटी भरायची लिंक येते तेव्हा, तिथं पण फक्त एक रक्कम असते, ती कशावर काढली ते नाही. नियम १२ मध्ये किती चांगली सोय आहे बघा, अधिकाऱ्याला किमतीवर शंका आली तर त्यानं माहिती मागवायची, आणि आयातदारानं मागितलं तर शंकेचं कारण लेखी द्यायचं, म्हणणं ऐकून घ्यायचं. त्यात असाधारण सूट हे पण शंकेचं एक कारण धरलंय, ठीक आहे, पण माझी दहा टक्के सूट असाधारण आहे का साधारण हे मला कोण विचारणार, मी आणि अधिकारी यांच्या मधी कस्टमर केअरचा फोन आहे आणि त्यावरची ताई एकच वाक्य बोलते, सर आधी ड्युटी भरा मग डिस्प्यूट टाका. पार्सल अडकवून ठेवलं तर साठवणीचे पैसे वर. भरलं तर, ड्युटी आगाऊ भरल्याची त्यांची फी आणि त्या फीवर जीएसटी. कंपनीचं नाव घेत नाही, मुद्दा एका कंपनीचा नाहीये.

बरं, भरलं. आता परत कसं मिळवायचं? हे मात्र जरा निवांत वाचा. कलम २७ म्हणतं एका वर्षाच्या आत रिफंड मागा. वाचून बरं वाटतं. पण २०१९ मध्ये सुप्रीम कोर्टानं आयटीसीच्या केसमध्ये सांगितलंय की मूळ असेसमेंट, म्हणजे ड्युटीची आकारणी, बदलून घेतल्याशिवाय नुसता रिफंडचा अर्ज चालणार नाही. म्हणजे आधी असेसमेंट बदला. त्यासाठी नेहमीचे रस्ते दोन, एकतर कलम १२८ खाली ६० दिवसांत कमिशनर अपील्सकडं अपील, नाहीतर कलम १४९ खाली बिल ऑफ एंट्रीत दुरुस्ती, आणि माल सुटून गेला असेल तर दुरुस्तीला तो कागद लागतो जो माल सुटण्याच्या वेळी अस्तित्वात होता. माझ्याकडं आहे तो कागद, ऑर्डर कन्फर्मेशनचा ईमेल आणि कार्डचं स्टेटमेंट, दोन्हीवर तारीख आहे. पण दुरुस्तीचा अर्ज ज्यानं बिल भरलं त्याच्या सिस्टीममधनं जाणार, त्याला काय पडलीय? आणि वकील करायचा तर त्याची फी रिफंडपेक्षा जास्त. सिद्धेश्वर एक्सप्रेसनं रात्रभर प्रवास करून मुंबईला जा, दिवसभर खिडक्या हिंडा आणि रात्री त्याच गाडीनं परत या, काही हजार रुपयांसाठी कोण करेल ओ हे. लोक सोडून देतात. मोठ्या कंपन्यांसाठी कोर्टाचा तो नियम ठीक असेल, त्यांच्याकडं माणसं असतात, पण आयपीस मागवणाऱ्या माणसाला पण तोच रस्ता, हे जरा जास्त होतंय.

म्हणून मागणं असं आहे. वैयक्तिक वापराच्या पार्सलला परदेशी दुकानदाराचा ऑर्डर नंबर आणि ‘इतक्यापैकी इतकावा डबा’ हे बिल ऑफ एंट्रीत सक्तीचं करा, आणि त्याच ऑर्डर नंबरवर आधी किती किंमत धरून झाली ते अधिकाऱ्याला स्क्रीनवर दिसू दे, म्हणजे दुसऱ्यांदा ३२४ टाकायला गेलं की तिथंच अडेल. कुपन आणि शिपिंग किमतीच्या प्रमाणात वाटायचं हे एका सर्क्युलरात उदाहरणासकट लिहून टाका, आत्ता प्रत्येक जण आपापल्या डोक्यानं वाटतो. आणि सगळ्यात जास्त गरज याची की बिल दाखल करण्याआधी त्याचा मसुदा माझ्या मोबाइलवर येऊ दे, आतली वस्तू, धरलेली किंमत, धरलेलं भाडं, आणि खाली दोनच बटणं, बरोबर किंवा चूक. चूक दाबलं की ऑर्डरचा कागद अपलोड करायचा. २४ तासात उत्तर नाही दिलं तर जे असेल ते दाखल करा, माझी तक्रार नाही. इन्कम टॅक्सवाले रिटर्न भरायच्या आधी आमचंच एआयएस, म्हणजे आमच्या उत्पन्नाचा आणि व्यवहारांचा तक्ता, आम्हाला दाखवतात, चूक असेल तर तिथं फीडबॅक टाकता येतो, मग हे का नाही जमणार? पोस्टानं येणाऱ्या पार्सलचं तर त्या मानानं बरं, त्यावर सीएन २२ किंवा सीएन २३ चं लेबल असतं आणि त्यात त्या डब्यात काय आहे आणि त्याची किंमत काय एवढंच लिहायचं असतं, अख्खी ऑर्डर त्यात कोंबायची पद्धत नाही. कुरिअरलाही तेच शिकवा.

रिफंडसाठी पण एक आडवाट हवी. ठरावीक रकमेच्या आतला फरक असेल, कागद स्पष्ट असेल, तर अपील न करता ऑनलाइन दुरुस्ती, आणि ती मला स्वतः टाकता यावी, कुरिअरच्या मेहेरबानीवर नको. रकमेची मर्यादा तुम्ही ठरवा.

आमच्या ग्रुपमधला एक जण म्हणाला की तू उगाच लिहितोस, कोण वाचतंय. त्याची ऑर्डर सध्या तीन पार्सलात वाटेवर आहे, त्यामुळं तो पण आता रोज विचारतो, पाठवलंस का बे पत्र.

आपला,
सोलापूरचा एक हौशी दुर्बीणवाला

ता. क. परदेशी दुकानदार भाबडेपणानं ईमेल करतात की डब्यावर गिफ्ट लिहू का, तुझी ड्युटी वाचेल. त्यांना माहीत नसतं की आपल्याकडं १२ डिसेंबर २०१९ पासून गिफ्ट म्हणून माल सोडवणं बंद आहे, राख्या आणि जीव वाचवणारी औषधं सोडून, बाकी गिफ्टला पूर्ण ड्युटी भरावी लागते. गिफ्ट लिहिलेला डबा अडकतो आणि वर माझ्यावरच संशय येतो. हे एका पानात इंग्रजीत लिहून तुमच्या वेबसाइटवर टाकलंत तर आम्ही त्याची लिंक प्रत्येक दुकानदाराला ऑर्डरसोबतच पाठवू.